कार्ड तेच, बिल तेच, मग छोट्या दुकानदारालाच ते महाग का पडतं?

मोबाईलच्या छोट्या दुकानात बाराशे रुपयांचा चार्जर घेतला आणि कार्ड पुढे केलं की दुकानदार हमखास म्हणतो, "कार्डावर दोन टक्के जादा लागतील साहेब. त्यापेक्षा यूपीआय करा ना." तोच चार्जर मॉलमधल्या मोठ्या शोरूममध्ये घेतला तर काउंटरवरची मुलगी काही न बोलता कार्ड घेते. उलट "या बँकेचं कार्ड असेल तर सूट आहे" असंही सांगते.

कार्ड तेच, बँक तीच, चार्जरही तोच. मग एक दुकानदार कार्ड बघून कपाळाला आठ्या का घालतो आणि दुसऱ्याला त्याचं काहीच का वाटत नाही? छोटा दुकानदार लबाडी करतोय, असं अनेकांना वाटतं. कधीकधी ते खरंही असतं. पण त्या दोन टक्क्यांमागे एक हिशोब आहे आणि तो ग्राहकाच्या पावतीवर कधीच छापलेला नसतो.

शंभर रुपयांमधून कोण किती घेतं?

तुम्ही कार्डाने शंभर रुपये दिले म्हणजे दुकानदाराच्या खात्यात शंभर रुपये जमा झाले, असं होत नाही. त्यातून एक कट्टी होते आणि उरलेली रक्कम साधारण दुसऱ्या दिवशी त्याच्या खात्यात येते. या कट्टीला मर्चंट डिस्काउंट रेट किंवा एमडीआर म्हणतात. नावात डिस्काउंट असला तरी यात दुकानदाराला सूट मिळत नाही, त्याच्याकडून पैसे कापले जातात.

या कट्टीत तिघांचा वाटा असतो. सगळ्यात मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेचा. याला इंटरचेंज म्हणतात. दुसरा, बराच लहान वाटा व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे अशा नेटवर्कचा, कारण दोन बँकांमधला निरोप तेच पोचवतात. तिसरा वाटा दुकानात मशीन बसवणाऱ्या बँकेचा किंवा पेमेंट कंपनीचा.

छोट्या-मोठ्याचा फरक समजायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पहिले दोन वाटे दुकानदाराच्या हातात जवळपास नसतात. ते नेटवर्कच्या दरपत्रकाप्रमाणे ठरतात. घासाघीस करायला जागा असते ती मुख्यतः तिसऱ्या वाट्यात. आणि घासाघीस करायची तर समोरच्याला तुमची गरज असावी लागते.

महिन्याला काही कोटींची विक्री कार्डावर करणारी सुपरमार्केटची साखळी बँकेला म्हणू शकते, "दर कमी करा, नाहीतर आमची सगळी मशीन दुसऱ्या बँकेची लावतो." बँक ऐकते. एका व्यवहारावर काही पैसे सुटले तरी लाखो व्यवहारांत तिचं भागतं, शिवाय त्या कंपनीचं चालू खातं आणि पगाराची खाती तिच्याकडेच राहतात. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने हीच धमकी दिली तर बँकेचा प्रतिनिधी चहा पिऊन निघून जाईल.

बँकेचीही एक बाजू आहे. मशीन बसवणं, कागदपत्रं तपासणं, पेपर रोल पुरवणं, बिघडलं की माणूस पाठवणं हा खर्च दुकान केवढं आहे ते बघून कमी-जास्त होत नाही. मॉलमधल्या मशीनवर दिवसाला तीनशे व्यवहार होतात, स्टेशनरीच्या दुकानात सहा. तोच खर्च तीनशेंवर वाटला तर जाणवतही नाही, सहांवर वाटला तर खिसा हलका होतो.

मोठ्यांची ताकद किती असते?

अमेरिकेत हा फरक सगळ्यात उघड दिसतो. तिथे कॉस्टको या अवाढव्य किरकोळ साखळीत अनेक वर्षं क्रेडिट कार्ड म्हणून फक्त अमेरिकन एक्स्प्रेस चालायचं. करार वाढवताना दोघांचं जमलं नाही आणि जून २०१६ मध्ये कॉस्टकोने एका झटक्यात व्हिसाकडे मोर्चा वळवला. ग्राहकांची कार्डंच बदलली. ब्रिटनमध्ये ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की १९ जानेवारी २०२२ पासून तिथली व्हिसा क्रेडिट कार्डं घेणार नाही, कारण शुल्क फार आहे. मुदत संपायच्या दोनच दिवस आधी हा निर्णय पुढे ढकलला गेला आणि फेब्रुवारीत दोन्ही कंपन्यांमध्ये समझोता झाला. व्हिसाला टेबलावर बसवण्याची ही ताकद कुठल्या गल्लीतल्या दुकानदाराकडे असणार?

तिथल्या छोट्यांना आणखी एक गोष्ट नडते. बऱ्याच योजनांमध्ये टक्केवारीसोबत प्रत्येक व्यवहारामागे काही सेंटची ठरलेली रक्कमही असते. शंभर डॉलरच्या बिलावर दहा सेंट म्हणजे काहीच नाही. तीन डॉलरच्या कॉफीवर तेच दहा सेंट तीन टक्क्यांहून जास्त होतात, टक्केवारी वेगळीच.

दुकानदारांना दिलासा द्यायला तिथे २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०११ पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावरच्या इंटरचेंजला मर्यादा आली. मर्यादा होती व्यवहारामागे २१ सेंट, त्यावर रकमेच्या ०.०५ टक्के आणि फसवणूक रोखण्यासाठी एक सेंट. मोठी बिलं करणाऱ्या दुकानांचा फायदा झाला. पण दोन डॉलरच्या बिलावर पूर्वी नेटवर्कच्या खास सवलतीत सात-आठ सेंट लागायचे. ती सवलत गेली आणि तिथेही कमाल मर्यादेएवढा, म्हणजे २२ सेंटच्या आसपास आकार लागू लागला. रेडबॉक्स नावाची कंपनी यंत्रांमधून एका डॉलरला डीव्हीडी भाड्याने द्यायची. त्याच महिन्यात तिने भाडं एक डॉलर वीस सेंट केलं आणि कारणांमध्ये डेबिट कार्डाचं वाढलेलं शुल्कही सांगितलं. कायदा दुकानदारांच्या बाजूचा, आणि फटका छोट्या बिलांना.

भारताने उलटी वाट धरली

भारतात २०१२ पासून डेबिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. तेव्हा बिलाच्या रकमेवर दर ठरायचा. २,००० रुपयांपर्यंत जास्तीत जास्त ०.७५ टक्के आणि त्यापुढे १ टक्का. दुकान लहान की मोठं, याच्याशी देणंघेणं नव्हतं.

मग नोटबंदी आली. रोकड नाही म्हटल्यावर ज्यांनी आयुष्यात मशीन पाहिलं नव्हतं अशा दुकानदारांनीही ती मागवली. १ जानेवारी २०१७ पासून छोट्या बिलांचे दर तात्पुरते उतरवण्यात आले. हजार रुपयांपर्यंत ०.२५ टक्के आणि हजार ते दोन हजार रुपयांसाठी ०.५० टक्के.

त्याच जानेवारीत पेट्रोल पंपांचं प्रकरण पेटलं. काही बँकांनी पंपचालकांना कळवलं की ९ जानेवारीपासून कार्डाच्या व्यवहारांवर १ टक्क्यापर्यंत शुल्क घेऊ. पंपचालकांच्या संघटनेने लगेच कार्ड बंद करण्याचा इशारा दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पंपाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं, पेट्रोलचा भाव तो स्वतः वाढवू शकत नाही, मग हा टक्का आणायचा कुठून? अखेर बँकांनी अंमलबजावणी पुढे ढकलली आणि हा भार ग्राहकावर किंवा पंपावर पडणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. एमडीआर हा शब्द अनेक मराठी घरांत पहिल्यांदा पोचला तो याच भांडणामुळे.

वर्ष संपता संपता, ६ डिसेंबर २०१७ ला, रिझर्व्ह बँकेने सगळी चौकटच बदलली. १ जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डाचा दर बिलावर नाही तर दुकानाच्या वार्षिक उलाढालीवर ठरू लागला. आधीच्या आर्थिक वर्षात २० लाखांपर्यंत उलाढाल असलेला तो छोटा व्यापारी. त्याच्याकडून मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि क्यूआर कोडवर ०.३० टक्के घेता येतात, आणि बिल कितीही मोठं असलं तरी एका व्यवहारावर २०० रुपयांच्या वर नाही. बाकी सगळे मोठे. त्यांना ०.९० आणि ०.८० टक्के, कमाल १,००० रुपये.

म्हणजे अमेरिकेत मोठा कमी देतो, आपल्याकडे नियमाने छोटा कमी देतो. कागदावर तरी असंच दिसतं.

पण २० लाख म्हणजे किती?

२० लाखांना ३६५ ने भागा. दिवसाला साधारण ५,४८० रुपये येतात. हा नफा नाही, हा गल्ला आहे. शहरातलं बऱ्यापैकी चालणारं किराणा दुकान, मेडिकल किंवा खाणावळ यापेक्षा सहज जास्त धंदा करते. म्हणजे २५ लाखांची उलाढाल असलेला वडापाव-मिसळवाला आणि देशभर शेकडो दुकानं असलेली साखळी नियमाच्या दृष्टीने एकाच पंगतीत बसतात.

आणि इथे खरी मेख आहे. ०.९० टक्के ही कमाल मर्यादा आहे, ठरलेला दर नाही. साखळीवाला घासाघीस करून त्याखाली येऊ शकतो. मिसळवाल्याच्या माथी मात्र बहुधा पूर्ण ०.९० टक्के बसतात. अगदी छोट्याला नियमाने वाचवलं, सगळ्यात मोठ्याला त्याच्या वजनाने. मधला दुकानदार दोन्हीकडून सुटला.

व्यापारी संघटनांनी तेव्हा आरडाओरडा केला तो याचसाठी. ५०० रुपयांच्या बिलावर २०१७ मध्ये सव्वा रुपया कापला जायचा. नव्या दराने २० लाखांच्या वरच्या दुकानाला त्याच बिलावर साडेचार रुपयांपर्यंत पडू लागले. गवगवा वाढल्यावर केंद्र सरकारने २,००० रुपयांपर्यंतच्या डेबिट कार्ड आणि यूपीआय व्यवहारांचा एमडीआर दोन वर्षं स्वतः भरायचं ठरवलं, म्हणून झळ लगेच पोचली नाही.

त्या १,००० रुपयांच्या कमाल मर्यादेचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही. सराफाच्या दुकानात कुणी डेबिट कार्डाने दोन लाखांचे दागिने घेतले तर ०.९० टक्क्यांनी १,८०० रुपये होतात, पण मर्यादेमुळे १,००० च कापले जातात. म्हणजे दर पडला अर्धा टक्का. पाच लाखांची खरेदी असेल तर तो ०.२० टक्क्यांवर येतो. तिकडे छोट्या दुकानदाराला पाचशेच्या बिलावर ०.४० टक्के द्यावे लागतात. टक्क्यांत पाहिलं तर सराफाच्या दुप्पट, आणि तेही सवलतीच्या दरात!

मशीनचं भाडं

छोट्याला खरं खाणारी गोष्ट एमडीआरच्या बाहेर असते. मशीनचं भाडं.

समजा एका किराणा दुकानात महिन्याला २०,००० रुपयांची विक्री डेबिट कार्डावर होते. सवलतीच्या दराने एमडीआर झाला ८० रुपये. मशीनचं भाडं ४०० रुपये धरलं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७२. एकूण गेले ५५२ रुपये. वीस हजारांवर हे पावणेतीन टक्क्यांहून थोडं जास्त होतात. पाकीटबंद किराणा मालातल्या अनेक वस्तूंवर नफाच मुळात हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या टक्क्यांचा असतो, हे लक्षात घेतलं की कार्ड बघून दुकानदाराचा चेहरा का पडतो ते कळतं.

आता शेजारचं मोठं मार्ट घ्या. महिन्याला २० लाख रुपये कार्डावर, चार मशीन, भाडं १,६००. पूर्ण ०.९० टक्क्यांनी एमडीआर १८,०००. एकूण १९,६००, म्हणजे ०.९८ टक्के. भाडं तर त्यांना अनेकदा माफच होतं. शिवाय भाड्यावरचा आणि शुल्कावरचा जीएसटी मार्ट इनपुट क्रेडिट म्हणून वळता करून घेतं. जीएसटीत नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ती सोय नाही, त्याच्यासाठी तो खर्चच. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावर बँक जे शुल्क घेते त्याला जीएसटीतून सूट आहे, एवढाच काय तो दिलासा. भाडं त्यात येत नाही.

नियमात दर निम्म्याहून कमी, आणि प्रत्यक्षात खर्च जवळपास तिप्पट.

क्रेडिट कार्डाचं काय?

आतापर्यंतच्या सगळ्या मर्यादा डेबिट कार्डाच्या. क्रेडिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेने अशी मर्यादा घातलेली नाही. तिथे बाजारात साधारण दीड ते तीन टक्क्यांपर्यंत दर चालतात आणि महागड्या कार्डांवर ते जास्त असतात. तुम्हाला मिळणारे रिवॉर्ड पॉइंट आणि महिनाभराची उधारी यांचा बराचसा खर्च इथूनच निघतो. उलाढाल २० लाखांच्या आत असली तरी क्रेडिट कार्डावर छोट्याला कुठलंही संरक्षण नाही. इथे पुन्हा जुनाच नियम, ज्याचं वजन जास्त त्याचा दर कमी. सुरुवातीच्या त्या शोरूममधल्या "कार्डावर सूट" चं गुपितही इथेच आहे. अशा सवलतींचा पैसा बहुतेक वेळा दुकान देत नाही, कार्ड देणारी बँक किंवा वस्तू बनवणारी कंपनी देते, आणि असे सौदे मोठ्या दुकानांशीच होतात.

गंमत अशी की काउंटरवर उभ्या असलेल्या दुकानदाराला तुमचं कार्ड डेबिट आहे की क्रेडिट, याची फिकीर करायला वेळ नसतो. अनेकांना पेमेंट कंपनीने सगळ्यांसाठी मिळून एकच दर सांगितलेला असतो. मग तो सरसकट "दोन टक्के" म्हणतो. डेबिट कार्डवाल्याकडून तो जे घेतो ते त्याच्या स्वतःच्या खर्चाहून कितीतरी जास्त असतं. आणि डेबिट कार्डाचा एमडीआर ग्राहकाकडून वसूल होणार नाही याची काळजी बँकांनी घ्यावी, असं २०१७ च्या त्याच परिपत्रकात म्हटलं आहे.

रुपेचं डेबिट कार्ड असेल तर प्रश्नच मिटतो. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआय यांच्यावर एमडीआर शून्य आहे, दुकान कुठलंही असो. व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांना हा शून्य लागू नाही.

म्हणून "यूपीआय करा ना"

यूपीआयमध्ये मशीन नको, भाडं नको, कट्टी नको. एक छापील क्यूआर भिंतीला चिकटवला की झालं. (बोलणारा स्पीकर घेतला तर त्याचं महिन्याचं भाडं सुरू होतं, ती गोष्ट वेगळी.) छोट्या दुकानदाराने कार्डाचं मशीन कपाटात टाकून दिलं त्याला हे कारण पुरेसं होतं.

पण यंत्रणा चालवायला पैसा लागतोच. तो बँका आणि पेमेंट कंपन्या सोसतात आणि काही भाग सरकार देतं. २०२४-२५ साठी केंद्राने सुमारे १,५०० कोटींची योजना मंजूर केली. त्यात छोट्या दुकानदारांना झालेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय पेमेंटवर ०.१५ टक्के प्रोत्साहन ठेवलं, म्हणजे दोन हजारांवर तीन रुपये. हे पैसे दुकानदाराच्या हातात पडत नाहीत, व्यवहार हाताळणाऱ्या बँकांच्या साखळीत वाटले जातात. मोठ्या दुकानांच्या व्यवहारांवर असं काही नाही. पेमेंट कंपन्यांची मागणी आहे की निदान मोठ्या व्यापाऱ्यांकडून तरी यूपीआयवर थोडा एमडीआर घेऊ द्या. जून २०२५ मध्ये असा आकार लागणार अशा बातम्या फिरल्या तेव्हा अर्थ मंत्रालयाने त्या निराधार असल्याचं सांगितलं.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यापासून मात्र क्यूआरमध्येही जुना भेद शिरला आहे. छोट्या दुकानदाराला अशा पेमेंटवर २,००० रुपयांपर्यंत शुल्क नाही. त्यापुढे, किंवा दुकान मोठ्या वर्गात असेल तर, क्रेडिट कार्डासारखं शुल्क लागतं. "हा स्कॅनर क्रेडिट कार्डाला चालत नाही" असं कुणी म्हटलं तर कारण बहुधा हेच असतं.

दुकानदाराने या सगळ्यात दोन गोष्टी तपासून घेण्यासारख्या आहेत. आपली उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर बँकेने आपल्याला खरोखर छोट्या वर्गात टाकलं आहे का, हे लेखी विचारावं. आणि महिन्याच्या विवरणात डेबिट, क्रेडिट आणि भाडं वेगवेगळं दाखवलं आहे का ते पाहावं. सगळं एका ओळीत एकत्र असेल तर डेबिटवरची सवलत त्याला मिळतेय की नाही, हे त्यालाही कळणार नाही. आणि ग्राहकाला पुढच्या वेळी कुणी "दोन टक्के जादा" म्हटलं तर कार्ड उलटसुलट करून बघावं, त्यावर डेबिट लिहिलंय की क्रेडिट. डेबिट असेल तर दुकानदाराला तसं सांगता येतं. क्रेडिट असेल, तर तो सांगतोय तो आकडा बहुतेक खराच असतो.